फॉरमॅट मारण्याआधी: लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन उघडण्याची सविस्तर रीत

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट थांबवला आणि पाचपाखाडीपासून घोडबंदर रोडपर्यंत घराघरांतले धडधाकट लॅपटॉप एकाएकी ‘जुने’ ठरले. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्यापैकी बरेच जण आता लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून घेताहेत, कधी विंडोजच्या शेजारी, कधी त्याच्या जागी. मग पहिला प्रश्न येतो तो फाइल्सचा. सोसायटीच्या मेंटेनन्सची बिलं, सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं, मुंजीचे फोटो, मुलीचे अकरावीच्या प्रवेशाचे कागद, सगळं विंडोजच्या बाजूला पडलेलं. स्टेशनजवळच्या दुकानात विचारलं की हमखास ऐकू येतं, ‘फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची गॅरंटी नाही.’

बहुतेक वेळा तसं काहीही करावं लागत नाही. लिनक्सला विंडोजची एनटीएफएस फाइल सिस्टम (डिस्कवर फाइल्स मांडण्याची पद्धत) वाचताही येते आणि तीत लिहिताही येतं. अडतं ते दुसरीकडेच: विंडोज पुरतं बंद झालेलं नसतं, नाहीतर ड्राइव्हला कुलूप असतं. म्हणून हा लेख लिनक्सपासून नाही, विंडोजपासून सुरू होतो.

एक सूचना आधीच देतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी अक्षरं लहान लिपीतली. जिथे माउसने काम भागतं तिथे मी माउसचाच रस्ता सांगितला आहे.

विंडोज खरोखर बंद करा

विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आहे आणि बहुतेक लॅपटॉपवर ती आपोआप चालू असते. तुम्ही शटडाउन दाबता, पडदा काळा होतो, पण विंडोजचा गाभा बंद होत नाही. मेमरीतली त्याची अवस्था ‘हायबरफिल डॉट सिस’ नावाच्या फाइलमध्ये उतरवून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. त्या अवस्थेत ड्राइव्हचा नकाशाही असतो: कोणती फाइल कुठे, रिकामी जागा कुठली. मधल्या वेळात लिनक्सने त्याच ड्राइव्हवर काही लिहिलं, तर जागा झालेला विंडोज जुन्याच नकाशावर भरवसा ठेवून काम सुरू करतो. दुकानात दोन कारकुनांनी एकमेकांना न सांगता एकाच खतावणीत नोंदी केल्यासारखं होतं ते. फाइल्स गायब होतात, फोल्डर उघडेनासे होतात.

ही सोय बंद करण्यासाठी विंडोजमध्ये कंट्रोल पॅनल उघडा, पॉवर ऑप्शन्समध्ये जा, डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ निवडा. खाली खुणा फिकट दिसतील. वरच्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ या ओळीवर क्लिक केलं की त्या जाग्या होतात. ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’वरची खूण काढा आणि सेव्ह करा. मोठा अपडेट येऊन गेला की ही खूण परत तपासायची सवय ठेवा.

एवढं करायचं नसेल तर दोन तात्पुरते मार्ग आहेत. शिफ्टची कळ दाबून धरून शटडाउन निवडलं तर विंडोज त्या वेळेपुरतं पूर्ण बंद होतं. किंवा शटडाउनऐवजी रीस्टार्ट करा आणि बूट मेनूतून थेट लिनक्समध्ये या. रीस्टार्टमध्ये फास्ट स्टार्टअप लागू होत नाही. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे.

हायबरनेशनचं मात्र वेगळं लक्षात ठेवा. वाशीला जायला लोकल पकडायची म्हणून लॅपटॉप झाकण मिटून बॅगेत टाकला, बॅटरी उतरत गेली आणि विंडोजने स्वतःच हायबरनेट केलं, असं सर्रास होतं. त्यानंतर घरी येऊन लिनक्स सुरू केलं तर परिस्थिती तीच. हायबरनेशन कधी वापरतच नसाल तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ ही कमांड द्या. हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही एकदम जातात, वर काही जीबी जागाही मोकळी होते. दोन सिस्टम एकाच लॅपटॉपवर ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं माझं मत आहे. एसएसडी असेल तर फास्ट स्टार्टअपने वाचतात ते काही सेकंद. त्यासाठी ड्राइव्ह पणाला लावण्यात अर्थ नाही.

कुलूप आहे का, आणि किल्ली कुठे आहे

आता बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप. ‘आपण कधी चालूच केलं नाही’ असं सगळे म्हणतात आणि ते खरंही असतं, पण ते आपोआप चालू झालेलं असू शकतं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ लागू होतं, आणि विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकताना याची व्याप्ती आणखी वाढली आहे. विंडोज ११च्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बघा. किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ द्या. प्रत्येक ड्राइव्हची अवस्था समोर येते.

कुलूप असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लिनक्सच्या वाटेला जाण्याआधी हातात हवी. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबसाइटवर, त्या लॅपटॉपच्या नावासमोर, जपून ठेवलेली असते. दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून कागदावर उतरवून घ्या. कारण पेनड्राइव्हवरून बूट करण्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, सिक्युअर बूट बदललं, तर विंडोजच पुढच्या वेळी ही की मागू शकतं. त्या क्षणी ‘पासवर्ड मुलाला माहीत आहे आणि मुलगा पुण्यात आहे’ अशी वेळ येऊ नये.

ऐरोली किंवा महापेच्या कंपनीने दिलेला लॅपटॉप असेल तर इथेच थांबा. त्याची की कंपनीच्या आयटी विभागाकडे असते आणि त्यावर लिनक्स चालवणं बहुतेक कंपन्यांच्या नियमांत बसत नाही.

हे कुलूप काढूनच टाकावं का? घरातच राहणाऱ्या डेस्कटॉपवर काढलं तर समजू शकतो. रोज लोकलने फिरणाऱ्या लॅपटॉपवर मी ठेवीन. विंडोजचा लॉगिन पासवर्ड फाइल्सचं रक्षण करत नाही. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला की कुलूप नसलेली सगळी फोल्डरं पासवर्डशिवाय उघडतात. जी सोय तुम्हाला आज हवी आहे तीच उद्या लॅपटॉप चोरणाऱ्यालाही मिळते.

पार्टिशन ओळखा

लिनक्स सुरू करा. विंडोज बिघडलं असेल आणि फक्त डेटा काढायचा असेल तर लिनक्स टाकण्याचीही गरज नाही. मिंट किंवा उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह पुरतो. उबंटूत ‘ट्राय’ निवडा, ‘इन्स्टॉल’ नव्हे.

लिनक्समध्ये सी, डी, ई अशी अक्षरं नसतात. पहिली साटा डिस्क ‘एसडीए’, दुसरी ‘एसडीबी’. त्यांची पार्टिशनं एसडीए१, एसडीए२ अशी. एनव्हीएमई एसएसडी असेल तर नाव लांबलचक, एनव्हीएमई०एन१पी३ अशा धाटणीचं. शेवटचा आकडा पार्टिशनचा. ‘डिस्क्स’ हे अ‍ॅप उघडलं की सगळं चित्ररूपात दिसतं. टर्मिनल आवडत असेल तर:

एलएसबीएलके -एफ

पाच अक्षरं जोडून, मग जागा सोडून उणे चिन्ह आणि ‘एफ’. पार्टिशनचं नाव, फाइल सिस्टमचा प्रकार, लेबल आणि यूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) एका तक्त्यात येतात. प्रकाराच्या रकान्यात एनटीएफएस असेल ते विंडोजचं. ‘बिटलॉकर’ असेल तर त्याला कुलूप आहे. १०० एमबीच्या आसपासचं एफएटी३२ पार्टिशन म्हणजे ईएफआय, ज्यावरून लॅपटॉप सुरू होतो. १६ एमबीचं एक बिनचेहऱ्याचं पार्टिशन मायक्रोसॉफ्टने राखून ठेवलेलं असतं. काहीशे एमबीचं एनटीएफएस हे रिकव्हरीचं. या तिघांत तुमच्या फाइल्स नाहीत, आणि जागा मोकळी करण्याच्या नादात यांना हात लावू नका.

डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज ‘रेड’ किंवा इंटेलच्या ‘आरएसटी’ मोडवर असण्याची शक्यता मोठी. तो मोड बदलून एएचसीआय केला की लिनक्सला डिस्क दिसते, पण विंडोजची आधी तयारी न करता बदलला तर विंडोज सुरू होत नाही. नुसता डेटा काढायचा असेल तर मोड बदला, काम करा, परत पूर्ववत ठेवा.

आणि डिस्क टकटक आवाज करत असेल, तर पुढचं काहीच करू नका. डिस्क्स अ‍ॅपमध्ये ‘स्मार्ट’चा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा, अहवाल बघा, तो वाईट असेल तर आधी डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि फाइल्स त्या प्रतीतून शोधा. मरणाऱ्या डिस्कवर फोल्डर चाळत बसणं तिला लवकर मारतं.

पहिल्यांदा फक्त वाचण्यापुरतं उघडा

फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत पार्टिशनवर क्लिक केलं की ते उघडतं. कुलूप असेल तर पासवर्डची चौकट येते. तिथे रिकव्हरी की मधल्या आडव्या रेघांसकट, सहा-सहा अंकांचे आठ गट अशी टाका. रेघा गाळल्या तर ‘चुकीचा पासवर्ड’ म्हणून परत पाठवतं. चौकट आलीच नाही तर टर्मिनलमधून क्रिप्टसेटअप, आवृत्ती २.३.० किंवा पुढची:

सुडो क्रिप्टसेटअप ओपन --टाइप बिटएलके /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी३ विनसी

यानंतर उघडलेला ड्राइव्ह /डेव्ह/मॅपर/विनसी या नावाने मिळतो आणि पुढे साध्या पार्टिशनसारखाच वापरता येतो.

पण क्लिक करून उघडलं की ते लिहिण्यासाठीही उघडलं जाऊ शकतं. डेटा मोलाचा असेल आणि विंडोज कोणत्या अवस्थेत बंद झालं याची खात्री नसेल, तर पहिल्यांदा टर्मिनलमधून, मुद्दाम केवळ वाचनासाठी:

सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/विंडोज
सुडो माउंट -ओ आरओ /डेव्ह/एसडीए३ /एमएनटी/विंडोज

‘आरओ’ ही दोन अक्षरं महत्त्वाची. ती असली की चुकून काही पुसलं जात नाही. एसडीए३च्या जागी तुमच्या तक्त्यातलं नाव घाला.

‘विंडोज इज हायबरनेटेड’ किंवा ‘अनक्लीन फाइल सिस्टम’ असा संदेश आला तर ड्रायव्हर (एनटीएफएस वाचणारा लिनक्सचा भाग) तुमचं भलंच करतोय. योग्य उपाय एकच: विंडोज सुरू करा, वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण बंद करा, परत या. इंटरनेटवर ‘रिमूव्ह_हायबरफाइल’ हा पर्याय सुचवलेला दिसेल. तो झोपलेल्या विंडोजची अवस्था पुसून टाकतो. त्यात जतन न केलेलं काही उघडं असेल तर ते गेलं. विंडोज पुन्हा सुरू होण्याची आशाच नसेल तेव्हाच तो वापरा. ‘एनटीएफएसफिक्स’चंही तसंच. नावावरून वाटतं की दुरुस्ती होईल, पण ते वरवरच्या काही गोष्टी जुळवतं, जर्नल (ड्राइव्हवरच्या बदलांची नोंद) रिकामं करतं आणि पुढची तपासणी विंडोजवर सोपवतं. खरी तपासणी विंडोजच्या ‘चेकडिस्क’चीच, ‘सीएचकेडीएसके सी: /एफ’. ड्रायव्हर प्रत्येक वेळी अडवेलच या भरवशावर मात्र राहू नका.

फाइल्स कुठे असतात

‘यूजर्स’ फोल्डर, त्यात तुमचं नाव, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स. विंडोजमध्ये लपलेलं ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डरही इथे बहुधा उघड दिसतं, कारण लिनक्स नावाच्या सुरुवातीला टिंब असलेलीच फोल्डरं लपवतं. क्रोमचा सगळा संसार त्यात असतो, पण तो उचलून आणला तरी साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत. ते विंडोजच्या खात्याशी बांधलेले असतात. विंडोज चालू असतानाच ते एक्स्पोर्ट करून घ्या. टॅलीचा डेटा नेमका कोणत्या फोल्डरमध्ये आहे, हेही टॅलीतच बघून लिहून ठेवा. सोसायटीगणिक, सीएगणिक ती जागा वेगळी असते.

वनड्राइव्ह वापरत असाल तर फोल्डर दिसेल, फाइलचं नाव दिसेल, पण फाइल उघडणार नाही. ती डिस्कवर नसतेच. नुसती पाटी असते, मूळ माल क्लाउडवर. विंडोजमध्ये त्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा आणि डाउनलोड पूर्ण होऊ द्या, किंवा लिनक्समध्ये ब्राउझरवरून उतरवा.

आता मराठी फाइल्सची खास भानगड, जी इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही. एनटीएफएसमध्ये फाइलच्या नावाला २५५ अक्षरांची मर्यादा आहे, लिनक्सच्या ईएक्सटी४मध्ये २५५ बाइटची. इंग्रजीत दोन्ही एकच. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त सुटा मोजला जातो आणि प्रत्येकी ३ बाइट घेतो. म्हणजे ८५ चिन्हांत मर्यादा संपली. ‘सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त व मागील सभेच्या इतिवृत्तास मंजुरी, अंतिम, सुधारित, नवीन’ असं नाव ठेवणारे सचिव प्रत्येक इमारतीत असतात. अशी फाइल विंडोजच्या ड्राइव्हवर सुखाने राहते आणि लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये कॉपी करताना ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून अडते. नाव छोटं करा, सुटतं. मोठी कॉपी आरसिंक या कमांडने केलीत तर शेवटी कोणत्या फाइल्स राहिल्या त्याची यादी त्रुटींच्या ओळींत मिळते. माउसने ओढून आणताना मध्येच ‘स्किप’ दाबलं की काय राहिलं ते आठवत नाही.

दुसरं, जुनी कागदपत्रं. श्रीलिपीत किंवा सी-डॅकच्या आयएसएमवर ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’सारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं लिब्रेऑफिसमध्ये उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. ‘लिनक्सने फाइल खराब केली’ असं लगेच बोललं जातं. फाइल जशीच्या तशी आहे. ती युनिकोडमध्ये नाही आणि तिचा फॉन्ट या बाजूला नाही, एवढंच. विंडोज पार्टिशनच्या विंडोज फोल्डरमधल्या ‘फॉन्ट्स’मध्ये तो मिळतो. तुमच्याकडे त्याचा परवाना असेल तर होम फोल्डरमधल्या ‘.लोकल/शेअर/फॉन्ट्स’मध्ये ठेवा, लिब्रेऑफिस बंद करून परत उघडा. पुढेमागे ती पत्रं युनिकोडमध्ये बदलून घ्या, कारण आज ना उद्या तो फॉन्ट हरवणारच.

कायमचं जोडायचं असेल तर

रोज दोन्ही बाजूंनी लागणाऱ्या फाइल्ससाठी सी ड्राइव्ह वापरू नका. सीवर लिनक्सने लिहू नये, हा माझा पक्का नियम. विंडोजमध्येच डिस्क मॅनेजमेंटमधून सी लहान करून डी बनवा, त्याला इंग्रजी अक्षरांत ओळखू येईल असं लेबल द्या आणि दोन्ही सिस्टमनी तिथेच लिहावं.

तो डी दर वेळी आपोआप जोडला जावा यासाठी डिस्क्स अ‍ॅपमध्ये पार्टिशन निवडा, खालच्या दातेरी चाकाच्या बटनातून ‘एडिट माउंट ऑप्शन्स’ उघडा, ‘यूजर सेशन डिफॉल्ट्स’ बंद करा, सिस्टम सुरू होताना माउंट करण्याची, म्हणजे जोडण्याची, खूण ठेवा. पर्यायांच्या चौकटीत ‘नोफेल’ आधीच असतं. ते काढू नका. ते नसेल आणि एखाद्या दिवशी पार्टिशन जोडता आलं नाही, तर लिनक्स अर्ध्यात थांबून इमर्जन्सी मोडचा काळा पडदा दाखवतं. त्याच चौकटीत स्वल्पविराम देऊन ‘यूआयडी=१०००,जीआयडी=१०००’ जोडा, म्हणजे फाइल्स तुमच्या मालकीच्या दिसतील. उबंटू आणि मिंटमध्ये पहिल्या वापरकर्त्याचा आकडा १००० असतो. ‘आयडी’ ही कमांड दिली की खात्री होते. ‘विंडोज_नेम्स’ हाही पर्याय जोडा: लिनक्समध्ये फाइलच्या नावात कोलन (:) किंवा प्रश्नचिन्ह चालतं, विंडोजला चालत नाही, आणि अशी फाइल विंडोजमध्ये ना उघडते ना धड पुसता येते. ओळखीच्या जागी यूयूआयडीच ठेवा, एसडीए४ असलं नाव नको. पेनड्राइव्ह लावून सुरू केलं की ती नावं इकडची तिकडे होतात.

ड्रायव्हर दोन आहेत. एनटीएफएस-३जी जुना, २००७पासून स्थिर मानला गेलेला, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेर चालतो. एनटीएफएस३ पॅरागॉन या कंपनीने दिलेला, २०२१मध्ये कर्नल ५.१५पासून आतच आलेला, वेगाने सरस. कोणता चालू आहे ते ‘फाइंडएमएनटी’ सांगतं: ‘फ्यूजबीएलके’ दिसलं तर पहिला. मोठे व्हिडिओ हलवायचे तर दुसरा बरा, हिशोबाच्या फाइल्ससाठी मी अजूनही पहिलाच ठेवतो.

मॅकची डिस्क असेल तर अपेक्षा कमी ठेवा. जुनी एचएफएस प्लस, जर्नल चालू असलेली, फक्त वाचता येते. एपीएफएससाठी ‘एपीएफएस-फ्यूज’ वेगळं टाकावं लागतं आणि तेही वाचण्यापुरतंच. दोन्ही बाजूंना नेण्याचा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. एफएटी३२मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

काम झालं की विंडोजकडे परतण्याआधी फाइल मॅनेजरमधून पार्टिशन अनमाउंट करा, किंवा लिनक्स नीट बंद करा. पॉवरचं बटन दाबून धरू नका. आणि विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं, नव्या फाइल्सवरच्या वेळा विचित्र वाटल्या, तर घाबरू नका. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ एकदा दिली की दोघांचं जमतं.